नफा कुठून उपसायचा

कोल्हापुरात आमच्या गल्लीत कचरागाडी सकाळी सातच्या सुमारास येते. भोंग्यावरचं गाणं आधी पाण्याच्या खजिन्याच्या बाजूनं ऐकू येतं, मग एकेक दार उघडतं आणि बादल्या बाहेर पडतात. त्या दिवशी आमची बादली घेऊन मी खाली गेलो होतो. गाडीच्या मागं उभा असलेला पोरगा वीस-बावीसचा असेल. कुणाची तरी गाठ मारलेली काळी पिशवी फाडून तो आतला ओला-सुका उघड्या हातांनी वेगळा करत होता. शिळ्या भाताचा आंबूस वास, त्यात चहाचा चोथा, त्यातच वापरलेलं डायपर. उजव्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली, आणि तीही आता ओली. बादली परत देताना म्हणाला, “काका, घरात जुना हातमोजा असला तर द्या की. एकाच हाताचा असला तरी चालंल.” हिनं भांडी घासायचा गुलाबी रबरी मोजा शोधून दिला. त्यानं तो तिथंच चढवून बघितला. बोटं आत पुरती जाईनात, मनगटाशी रबर ताणून पांढरं पडलं. तरी हसला, हात वर करून दाखवला आणि गाडी पुढच्या दाराशी गेली. कुणाकडं कामाला आहेस असं विचारलं होतं, तर “ठेकेदाराकडं” एवढंच म्हणाला.

हा मोजा पुढं बरेच दिवस डोक्यात राहिला, कारण नेमकी त्याच काळात कचरा उचलणाऱ्या एका कंपनीची कागदपत्रं माझ्या टेबलावर पडली होती. निवृत्तीच्या वेळी ठेवलेल्या एका ठेवीची मुदत संपली होती. भाचा शिरोलीला एमआयडीसीत फाउंड्रीत आहे. त्याच्याकडं व्हॉल्व्हच्या बॉडी आणि पंपाची केसिंगं ओततात. रविवारी जेवायला आला की पांढऱ्या रश्श्याची दुसरी वाटी होईपर्यंत गप्प असतो, मग शेअरवर बोलायला लागतो. “मामा, ती ठेव परत बँकेत टाकू नका. पाणी, सांडपाणी, कचरा यातल्या कंपन्या बघा. माणूस आहे तोवर हे काम बंद पडणार नाही. आणि पैसा चांगल्या कामात गेला असं तुम्हालाही वाटंल.” हे शेवटचं वाक्य माझ्यासाठीच होतं. दारू-तंबाखूच्या कंपन्यांत मी पैसे घालत नाही, हे त्याला माहीत आहे. स्वच्छता आणि सार्वजनिक आरोग्य म्हटल्यावर कुणाला काय हरकत असणार? मलाही नव्हती. पण चांगल्या कामाचा नफा सुद्धा कुठून तरी येतो, कुणाच्या तरी हातून येतो, हे त्या पोराच्या हाताकडं बघताना पहिल्यांदा नीट डोळ्यांसमोर आलं.

माझी नोकरी लक्ष्मीपुरीत, बँकेच्या कर्ज खात्यात गेली. त्यामुळं या धंद्याची एक बाजू मी काचेच्या टेबलापलीकडून बघितली आहे. एक ठेकेदार यायचे. तालुक्याच्या गावांत पाण्याच्या लाइनी टाकायचे, गटारं बांधायचे. माणूस सरळ. खुर्चीच्या कडेवर बसायचे, रेक्झिनची पिशवी मांडीवर, पिशवीत बिलांच्या प्रती. कॅश क्रेडिटची, म्हणजे बँकेकडून उचलायच्या पैशाची, मर्यादा संपलेली असायची. “साहेब, एमबी झाली आहे, सहीपण झाली आहे, फक्त फंड यायचाय.” हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं की त्यांच्या आधी मला पाठ झालं. एमबीत, म्हणजे मेजरमेंट बुकात, काम मोजून चढलेलं, रनिंग बिल तयार, तपासणीचा अहवाल जोडलेला, आणि पैसे मात्र वरच्या कुठल्या तरी हप्त्याची वाट बघत अडकलेले. इकडं शनिवारी मजुरांचा पगार थांबत नाही. एकदा त्यांनी घरातलं सोनं आणलं, तारण ठेवायला. पाटल्या वजनकाट्यावर ठेवताना म्हणाले की गाव पाणी प्यायला लागलंय, पैसे तेवढे यायचेत. व्याजाचा आकडा मी भरला होता, त्यामुळं त्या कामात त्यांना काय सुटलं असेल ते मला सांगता येतं. फारसं काही नाही.

म्हणून या क्षेत्रातल्या कंपनीचा वार्षिक अहवाल हातात आला की चकचकीत फोटोंची पानं मी उलटून टाकतो. नद्या, हसरी मुलं, हिरवी पानं सगळ्यांच्याच अहवालांत असतात. मी आधी हिशेबाच्या टिपांमध्ये जाऊन येणी, म्हणजे गिऱ्हाइकांकडून यायचे राहिलेले पैसे, शोधतो. 2021-22 पासून कंपन्यांना येण्यांचं वय तक्त्यात दाखवावं लागतं. सहा महिन्यांच्या आतलं किती, वर्षाच्या आतलं किती, दोन वर्षांपर्यंतचं, तीनपर्यंतचं, आणि तीन वर्षांहून जुनं किती. गिऱ्हाईक बहुतेक वेळा पालिका, महापालिका, जल निगम, जीवन प्राधिकरण. नफ्या-तोट्याच्या पानावर विक्री झालेली दिसते, पण पैसा अजून त्या रेक्झिनच्या पिशवीतच आहे हे या तक्त्यात कळतं. भाच्यालाही मी हाच तक्ता दाखवला. पीई (शेअरची किंमत नफ्याच्या किती पट) आणि ऑर्डर बुक (हातात आलेली कामं) यांवरच त्याचं सगळं गणित. दहा हजार कोटींचं ऑर्डर बुक असलं तरी ते वसूल कोण आणि कधी करणार, हे बघायची सवय त्याच्या पिढीला कमी आहे असं माझं मत. माझ्या पिढीत ती होती असंही नाही. मला ती खुर्चीनं लावली.

याच शोधात लंडनची एक जुनी गोष्ट पुन्हा वाचली. पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ पाण्यातून पसरते हे दाखवणारे डॉक्टर जॉन स्नो आणि ब्रॉड स्ट्रीटचा हातपंप ही 1854ची कथा बहुतेकांना माहीत असते. पण त्याच वर्षी त्यांनी केलेलं दुसरं काम गुंतवणूकदारानं जास्त मन लावून वाचावं असं आहे. त्या काळी लंडनला पाणी खासगी कंपन्या विकत. थेम्सच्या दक्षिणेला दोन कंपन्यांचे नळ एकाच वस्तीतून, कित्येकदा एकाच रस्त्यावरून गेले होते. ‘साउथवर्क आणि व्हॉक्सहॉल’ ही एक कंपनी बॅटर्सीला नदीतून पाणी उपसायची, म्हणजे शहराचा मैला जिथं नदीत मिसळलेला असे तिथून. लँबेथ कंपनीनं मात्र 1852 साली आपला उपसा शहराच्या वर, थेम्स डिटनला नेला. शेजारी-शेजारी घरं, सारखीच माणसं, सारखीच हवा, फक्त पाणी कुणाचं एवढाच फरक. घरातल्या लोकांनाही पुष्कळदा ठाऊक नसे की आपला नळ कुठल्या कंपनीचा. तेव्हा स्नो कुपीत पाणी घेत आणि त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकून बघत. खारट, घाण पाण्यात दाट पांढरा साका धरे. वरच्या अंगाच्या पाण्यात जेमतेम धूसर होई. त्यावरून कंपनी ओळखायची आणि त्या घरात पटकीनं कोण गेलं ते लिहायचं. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचा हिशेब असा निघाला: दर दहा हजार घरांमागं साउथवर्कच्या पाण्यावर 315 मृत्यू, लँबेथच्या पाण्यावर 37.

दोन्ही कंपन्यांना भागधारक होते.

या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो होतो. दोघांचाही व्यवसाय तोच, आजच्या भाषेत सेक्टर एकच. त्या वेळी एखाद्या सज्जन माणसानं ‘शहराला पाणी देणं हे पुण्याचं काम’ असं म्हणून कुठलाही एक शेअर घेतला असता, तर त्याच्या पुण्याचा निकाल उपशाच्या जागेवर लागला असता. उपसा वर न्यायला पैसे लागतात. जागा, पंप, मैलोन्‌मैल नळ. तो खर्च एका कंपनीनं आधी केला. दुसरीनं कायद्यानं घातलेली मुदत संपत येईपर्यंत केला नाही. मधली दोन-तीन वर्षं तिचा तेवढा पैसा वाचला, म्हणजे तो कुणाच्या तरी खात्यात राहिला.

आपल्याला हे समजायला लंडन तरी कशाला लागतं म्हणा. नदीकाठच्या प्रत्येक गावाच्या वर एक गाव असतं. शहराचं सांडपाणी पंचगंगेकडं नेणाऱ्या जयंती नाल्याचा बंधारा पावसाळ्यात ओसंडून वाहताना शाहूपुरीकडून जाताना ज्यानं नाक दाबलं आहे, त्याला हे पाणी पुढं कुठं जातं ते सांगावं लागत नाही. पंचगंगेच्या खाली इचलकरंजी आहे, शिरोळ आहे, नृसिंहवाडीचा संगम आहे. 2012च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली तेव्हा आमच्या बँकेतल्या एका शिपायाचा मेहुणा तिथं आजारी होता. मी त्याला भेटायला गेलो होतो. डोळ्यांचा तो पिवळा रंग, उशाशी उसाच्या रसाचा स्टीलचा तांब्या, आणि खोलीत साचून राहिलेला तापाचा वास. यंत्रमागाचा माणूस, रोजंदारी बुडालेली. त्या काळात औषधांची दुकानं आणि पाण्याचे जार विकणारे जोरात होते. त्यांचा दोष मी काढत नाही, ते नसते तर हाल आणखी झाले असते. 2019च्या ऑगस्टमध्ये आपण स्वतःच ते बघितलं. शहराला तीन बाजूंनी पाण्याचा वेढा आणि नळाला थेंब नाही, कारण उपसा केंद्रंच महापुरात बुडालेली. टँकर आला की बादल्या, कळश्या, कुकरची भांडीसुद्धा रांगेत. पाणी ओसरल्यावर भिंतींना आलेला तो चिखलाचा आणि कुजक्या धान्याचा वास महिनाभर हटला नाही.

तेव्हापासून माझ्या मनात आरोग्याच्या धंद्याचे दोन भाग पडले आहेत. एका भागाचा नफा नळावरचा विश्वास उडाला की वाढतो. बाटलीबंद पाणी, टँकर, घरोघरचे शुद्धीकरण यंत्र, सलाइन, रुग्णालयाची खाट. दुसऱ्या भागाचा नफा काहीही न घडण्यातून येतो. गटार तुंबलं नाही, साथ आली नाही, पेपरात बातमी नाही, आणि तरीही महिनाअखेर बिल निघालं पाहिजे. बाजारात ‘पाणी’ किंवा ‘आरोग्य’ या नावाखाली हे दोन्ही एकाच टोपलीत विकले जातात. पहिल्यात पैसे घालणारा वाईट माणूस असं मी म्हणणार नाही. आमच्या घरातही ओट्याशेजारी शुद्धीकरण यंत्र आहे आणि त्याचा फिल्टर वेळेवर बदलला जातो. पण माझी ठेव मला दुसऱ्या भागात घालायची आहे, एवढं पक्कं झालं. गावाचा नळ बिघडावा अशी माझ्या पैशाची इच्छा असू नये.

पण दुसरा भागही आतून एकसारखा नाही. बांधणं वेगळं आणि चालवणं वेगळं. कसबा बावड्याचा सांडपाणी प्रकल्प रोज 76 दशलक्ष लिटरच्या क्षमतेचा आहे. अशा ठिकाणी एकदा आत जाऊन उभं राहावं. मोठ्या टाक्यांमध्ये हवेचे बुडबुडे सोडलेले असतात, तपकिरी पाणी उकळल्यासारखं दिसतं आणि वास येतो तो ओल्या मातीसारखा. प्रकल्प बिघडला की मग सडका वास सुटतो. त्या टाक्यांत जिवाणू पोसलेले असतात, तेच घाण खातात. वीज गेली, हवा सोडणारे ब्लोअर बंद पडले, की काही तासांत ते गुदमरायला लागतात. म्हणजे काँक्रीटचं काम संपल्यावर खरं काम सुरू होतं, आणि ते रोजचं असतं. विजेचं बिल, ऑपरेटरचा पगार, गाळ उचलणारी ट्रॉली, प्रयोगशाळेतला बीओडीचा, म्हणजे पाण्यात घाण किती उरली त्याचा, आकडा. आपल्याकडं वर्षानुवर्षं कंपन्यांना पैसे मिळत गेले ते बांधण्याचे. फीत कापली की मोठं बिल संपलं, पुढं प्लांट चालला काय आणि गंजला काय.

गंगेच्या कामात यावर एक चांगला तोडगा काढला. वाराणसी आणि हरिद्वारच्या प्रकल्पांपासून पद्धत अशी ठेवली की बांधकामाच्या खर्चातले 40 टक्के बांधताना द्यायचे, आणि उरलेले 60 टक्के पुढच्या 15 वर्षांत, प्लांट ठरल्याप्रमाणे चालेल तसे. कंपनीचा जीव 15 वर्षं त्या पाण्यात अडकवून ठेवला. मला ही कल्पना फार आवडते, कारण भागधारकाचा फायदा आणि खालच्या गावाचं आरोग्य एका दोरीत बांधलं जातं. आता मी अहवालात ‘चालवणं आणि देखभाल’ यातून किती उत्पन्न येतं तो आकडा आवर्जून शोधतो. चेन्नईची वाबाग ही कंपनी असे प्रकल्प बांधतेही आणि चालवतेही; मूळची 1924ची, तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ शहरात सुरू झालेली. शेजारच्या सांगली जिल्ह्यातली आपली किर्लोस्करवाडी, 1910ची, अजून पंप बनवते. पुण्याला जाताना गाडी तिथं थांबली की मी खिडकीतून बघतोच. शेअर घ्या असं मी कुणालाच सांगत नाही, ते ज्याचं त्यानं ठरवावं. पण घरफाळ्यातून आणि करातून उभी राहिलेली योजना पुढं कोण सांभाळणार, हा प्रश्न काळम्मावाडी धरणातून शहराला पाणी आणणाऱ्या थेट पाइपलाइनलाही लागू आहे. 2023च्या दिवाळीत ते पाणी शहरात आलं तेव्हा आम्हीही टाकीवर जाऊन ओंजळीत घेऊन बघितलं. गार होतं. इतकी वर्षं वाट बघितलेलं पाणी हातात आल्यावर हिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मला आत्ताही दिसतं. पण 53 किलोमीटरच्या नळाला रोज वीज, पहारा आणि दुरुस्ती लागणार. त्याचे पैसे दिवाळीला येत नाहीत, दर महिन्याला द्यावे लागतात.

उरला तो हातांचा प्रश्न, आणि तो मला सगळ्यात जड जातो. शेअर बाजारात नोंदलेल्या सगळ्यात मोठ्या हजार कंपन्यांना 2022-23 पासून व्यवसायातल्या जबाबदारीचा एक वेगळा अहवाल द्यावा लागतो. त्यात कामावर झालेले मृत्यू आणि जखमा यांचा तक्ता असतो. कर्मचारी वेगळे, कामगार वेगळे. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा बऱ्याच ठिकाणी शून्य होतं. शून्य खरं असेल तर आनंद आहे. पण हे काम ज्या पद्धतीनं खाली-खाली वाटलं जातं, ठेकेदार, त्याच्या खालचा ठेकेदार, त्याचा मुकादम, त्यात शेवटचा माणूस कुणाच्या तक्त्यात येतो? शिवाय या क्षेत्रातल्या कितीतरी कंपन्या पहिल्या हजारात नसतातच, त्यांना तो तक्ता भरावाच लागत नाही. मैला हातानं उचलायला लावण्यावर आणि साधनांशिवाय माणूस गटारात उतरवण्यावर बंदी घालणारा कायदा 2013चा. 20 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयानं गटारात मरण पावणाऱ्याच्या कुटुंबाची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली. दहा वर्षांनीही भरपाईच वाढवायची वेळ येते, मृत्यू थांबत नाहीत, हे वाचताना राग येतो, आणि तो येऊ द्यावा. कचऱ्याच्या त्या कंपनीचा शेअर मी घेतला नाही. नफा चांगला होता, येणीही फार जुनी नव्हती. पण सुरक्षेच्या साधनांवर खर्च किती आणि ठेक्यावरची माणसं किती, हे ईमेल करून विचारलं तर उत्तर आलं नाही. भाचा म्हणाला, “मामा, असं बघितलं तर एकपण शेअर हाताला लागायचा नाही.” असू दे. मी त्याला म्हटलं, बघितल्यावर जे उरेल ते घेऊ.

आणि उलट बाजूही आहे, भागधारकाच्या भुकेची. इंग्लंडनं 1904 साली लंडनच्या खासगी पाणी कंपन्या ताब्यात घेऊन एका सार्वजनिक मंडळाकडं दिल्या, आणि 1989 साली देशभरच्या पाणी कंपन्या पुन्हा बाजारात विकल्या. थेम्स वॉटर ही त्यातली सगळ्यात मोठी. मे 2025 मध्ये तिथल्या नियामकानं तिला 12.27 कोटी पौंडांचा दंड केला. मैलापाणी नदीत सोडण्याबद्दल बराचसा, आणि 1.82 कोटी पौंड खास लाभांश वाटपाचे नियम मोडले म्हणून. नळ दुरुस्त करण्याआधी मालकांना पैसे वाटले, असा त्याचा सरळ अर्थ. तेव्हा कंपनीनं लाभांश कमी केला म्हणून मी ओरडणार नाही, हेही मनाशी ठरवावं लागलं. ते शेअर घेण्यापेक्षा अवघड आहे, निवृत्त माणसाला तर फारच.

हे सगळं ठरवून झाल्यावर गेल्या महिन्यात आमच्या अपार्टमेंटची सभा झाली. गच्चीवर, खुर्च्या मांडून, चहा आणि खारी. विषय पाणीपट्टीच्या थकबाकीचा. सामाईक मीटर, त्यामुळं काहींनी भरलं नाही की सगळ्यांचंच थकतं. एक शेजारी, चांगले मित्र आहेत, म्हणाले, “एवढी घाई कशाला? थोडी थकू दे, सवलतीची योजना येते, तेव्हा एकदम भरू.” आणि पुढच्याच वाक्यात मला विचारलं, तुमचा भाचा त्या पाण्याच्या कंपन्यांबद्दल सांगत होता, मीपण थोडे घेऊन ठेवलेत, येणी फार अडकतात म्हणे त्यांची. मी हातातला कप खाली ठेवला. त्यांना म्हटलं, आबा, ती येणी आपलीच आहेत. पालिकेकडं पैसा येतो आपल्या पाणीपट्टीतून आणि घरफाळ्यातून. आपण सवलतीची वाट बघायची, मग तिनं ठेकेदाराचं बिल अडवायचं, ठेकेदारानं मजुराचा पगार आणि हातातली साधनं अडवायची, आणि आपण घरी बसून शेअर का पडला ते टीव्हीवर बघायचं, हे एकाच वेळी कसं चालंल? माझा आवाज जरा चढला असावा, कारण ही खालून वर बघायला आली. आबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी चष्मा पुसला आणि सेक्रेटरीला विचारलं, “माझ्याकडं नक्की किती निघतात?” तिथल्या तिथं फोनवरून भरले. बारा फ्लॅटपैकी दहांचे आता जमा आहेत. उरलेल्या दोघांकडं या रविवारी आबा आणि मी मिळून जाणार आहोत.